दोन वर्षं विंग चुन शिकले आणि आतेभावाने एका धक्क्यात फ्रिजला नेऊन टेकवलं

मांजलपूरवाली

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

मी बडोद्याची, वय 26, वजन 54 किलो. अलकापुरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आठवड्याआड संध्याकाळची पाळी असते, सुटायला अकरा वाजतात. दोन वर्षांपूर्वी एक बाइकवाला लालबागच्या पुलापर्यंत माझ्या ॲक्टिव्हाच्या मागे मागे आला होता. पुढे काही झालं नाही, पण हात घरी पोचेपर्यंत थरथरत होते. त्यानंतरच्याच महिन्यात क्लास लावला.

विंग चुन ही चिनी मार्शल आर्ट निवडली, कारण सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट मनात बसली. ही विद्या एका भिक्षुणीने एका मुलीला शिकवली आणि त्या मुलीने जबरदस्तीने लग्न करू पाहणाऱ्या गुंडाला हरवलं, अशी दंतकथा आहे. म्हणजे ही अंगाने लहान असलेल्यांचीच विद्या. आठवड्यातून तीन दिवस जाते, दांडी फारशी नाही. सिउ निम ताउ हा पहिला फॉर्म, म्हणजे एकट्याने करायची ठरलेल्या हालचालींची मालिका, झोपेतही करू शकेन. हाताला हात चिकटवून करतात ती ची साओ पण करतो, हळू, तालात.

यंदा गौरी-गणपतीत सगळे आजीकडे जमलो होतो. माझा आतेभाऊ कॉलेजात कबड्डी खेळायचा, 78 किलोचा गडी. स्वयंपाकघरातच म्हणाला, "दाखव बघू तुझं चायनीज." मी लाप साओसाठी, म्हणजे त्याचा हात धरून ओढायला, हात पुढे केला. त्याने हात दिलाच नाही. मान खाली घालून सरळ छातीवर आला, कमरेला विळखा घातला आणि तीन पावलांत माझी पाठ फ्रिजला. वरचा स्टीलचा डबा खाली आला. आत्या उकडीच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. सगळे हसले, दादाने सॉरीही म्हटलं. मला रात्रभर झोप नाही.

सरांना सांगितलं तर म्हणाले, आणखी पाच वर्षं दे. विचारायचं एवढंच आहे की या पारंपरिक चिनी विद्यांमधून खरोखरची झटापट निभावता येते का? की दोन वर्षं पाण्यात गेली?

कारेलीबाग बॉक्सर

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण सोडा ते. 2017 मध्ये चीनमध्येच शू शिआओदोंग नावाच्या एमएमएवाल्याने (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) ताई-ची या संथ चिनी विद्येच्या एका शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं, व्हिडिओ साऱ्या जगाने पाहिला. बॉक्सिंग लावा. सहा महिन्यांत ठोसा कसा बसतो आणि बसला तर काय वाटतं, दोन्ही कळेल. मी स्वतः पंधराव्या वर्षापासून करतोय, मनापासून सांगतोय.

दांडियाबाजारचा काका

पोरी, तुझी दोन वर्षं पाण्यात गेलेली नाहीत. पण अर्धंच शिक्षण झालंय, आणि जे राहिलंय ते आणखी पाच वर्षं तोच फॉर्म करून येणार नाही. कारेलीबागच्या भाऊंशी मी निम्म्यापर्यंत सहमत आहे.

माझं वय 63. वडिलांनी सातव्या वर्षी जुम्मादादा व्यायाम मंदिरात नेऊन घातलं. तिथले थोर गुरू राजरत्न माणिकराव तेव्हा हयात नव्हते, पण त्यांचं नाव घेतलं की मोठी माणसं उभी राहायची. लाठी, लेझीम, मल्लखांब सगळं झालं. कुस्ती पुढे दुसऱ्या तालमीत धरली आणि जीव तिच्यातच रमला. पोटासाठी फिटर झालो.

1989 मध्ये कंपनीने मला आठ महिने कलकत्त्याला पाठवलं, टांगऱ्याला. तिथे हक्का चिनी लोकांचे चामड्याचे कारखाने होते. कातडी भिजवायचे मोठे लाकडी ढोल असतात, त्यांची बेअरिंगं बसवायचं काम माझ्याकडे. मालकाचा एक काका होता, सत्तरीचा, बनियन आणि काळी पँट. संध्याकाळी ढोल थांबले की मागच्या अंगणात तो पुतण्यांना आणि दोन कामगारांना घेऊन उभा राहायचा. मी 27 वर्षांचा, 80 किलोचा, फडात चार कुस्त्या मारलेला. म्हटलं, मलाही दाखवा.

म्हाताऱ्याने आपलं मनगट माझ्या मनगटावर ठेवलं. मला वाटलं ही तर आपली कुस्तीतली सुरुवातीची खडाखडी, हात झटकून पट काढू. मी एकेरी पटाला, म्हणजे त्याचा एक पाय धरायला, वाकलो. त्याचं कोपर माझ्या मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या खळग्यात कधी आलं कळलं नाही. तो मागे सरकलाच नाही, तिरका झाला. मी चुन्याच्या पाण्यात गुडघ्यांवर. उठलो, परत वाकलो, परत तेच. तिसऱ्यांदा मात्र मी त्याला कंबरेत धरला आणि तोही माझ्याबरोबर खाली आला. तेव्हा तो इतका खूश झाला की पुतण्याला चहा आणायला पाठवलं.

यात चमत्कार काही नव्हता, हे मला महिन्याभरात समजलं. तो नवव्या वर्षापासून रोज संध्याकाळी कोणीतरी खरोखर अंगावर येत असताना तेच करत आला होता. पुतण्या हात द्यायचा तो ओढून काढण्यासाठी, धक्का द्यायचा तो पाडण्यासाठी. मला पहिले चार महिने त्याने एकही फॉर्म दाखवला नाही. पाचव्या महिन्यात पावसाने अंगण तुंबलं, म्हणून आत कोरड्या जागेत उभं करून त्याने संपूर्ण फॉर्म करून दाखवला. आणि पोरी, मला तो शिकवावाच लागला नाही. त्यातली प्रत्येक हालचाल मी आधीच अंगावर खाल्ली होती. हे कोपर म्हणजे माझी मान, हे वळणं म्हणजे मी चुन्याच्या पाण्यात.

तुझ्या क्लासात हे उलटं चाललंय. फॉर्म आधी, अंगावर येणारा माणूस कधीच नाही. आपल्या तालमीत असं चाललं असतं का? जोर-बैठका काढल्या, हवेत धोबीपछाड मारली आणि झाला पैलवान? वस्ताद पहिल्या महिन्यातच कोणाच्या तरी हातात हात देऊन "धर" म्हणतो. रोजची लढत हेच शिक्षण, जोर-बैठका त्या लढतीसाठी.

चिनी लोकांना हे कधी कळलं नव्हतं असंही नाही. सोळाव्या शतकात मिंग राजवटीत छी जिग्वांग नावाचा सेनापती होता, किनाऱ्यावरच्या जपानी चाच्यांशी लढलेला. त्याने आपल्या सैनिकी ग्रंथात मुष्टियुद्धाचे 32 पवित्रे चित्रांसह दिले आहेत. तो सरळ म्हणतो की मोठ्या युद्धात नुसत्या हातांचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे करायला आणि शिकाऊ माणसाला विद्येत शिरायला हाच दरवाजा. आणि पुढे म्हणतो, विद्या आली की ती प्रतिस्पर्ध्यावर आजमावलीच पाहिजे, त्यात हरलो म्हणून लाज नको आणि जिंकलो म्हणून मिरवणं नको. फुलापानांसारख्या दिखाऊ हालचालींवर तर त्याचा रागच होता.

तुझ्या विंग चुनचंच बघ. त्याचे गुरू इप मान चीनमधल्या फोशानहून हाँगकाँगला आले आणि पन्नासच्या दशकात शिकवायला लागले. त्यांच्या विद्येचा शहरात बोलबाला झाला तो त्यांच्या पोरांनी गच्च्यांवर दुसऱ्या शैलीवाल्यांशी केलेल्या लढतींमुळे. वाँग शुन लुंग हे त्यातलं मोठं नाव, ब्रूस लीचे थोरले गुरुबंधू. म्हणजे तू जी शैली इतक्या हळुवारपणे करतेस ती दुसऱ्याच्या ठोशांवर घासून आलेली आहे. 2017 च्या त्या शिक्षकाचं दुर्दैव हे की त्याच्यावर तसं कोणी आलंच नव्हतं. हरला तो माणूस, आणि हरली ती शिकवण्याची पद्धत.

आता फ्रिजकडे येतो. तू लिहिलंस त्यावरून मला सगळं दिसतंय.

लाप साओमध्ये समोरच्याचा पुढे आलेला हात धरून ओढायचा असतो. दादाने हात दिलाच नाही, तो कमरेतून आला. म्हणजे तू जे निवडलंस ते तिथे लागूच नव्हतं, आणि हे तुला कळायला वेळ मिळाला नाही कारण असा माणूस तू आधी पाहिलेला नाहीस. ही पहिली गोष्ट. दुसरी तुझ्या पायांची. पहिल्या फॉर्ममध्ये दोन्ही पावलं एका रेषेत, गुडघे आत, मेंढी मांड्यांत धरल्यासारखं उभं राहतात ना? ती उभं राहायची रीत मणका आणि कोपर जागेवर बसवायला आहे. समोरून धक्का आला की त्या पायांवर कोणीही सरळ मागे जाईल, मीसुद्धा. कुस्तीत म्हणूनच पवित्रा घेतात, एक पाय पुढे, एक मागे, वजन खाली. तुमच्या दुसऱ्या फॉर्ममध्ये, चुम किउमध्ये, वळणं आहे आणि पावलं टाकणंही आहे. सरांनी दोन वर्षांत तो शिकवायला घेतलाय का? नसेल तर आदराने विचार.

घरी करायला एक मैत्रीण शोध, तुझ्यापेक्षा थोडी जड असेल तर उत्तम. गादी किंवा जाड सतरंजी, भिंतीपासून दूर. पहिले दहा-बारा दिवस फक्त धक्का. तिने दोन्ही तळहात तुझ्या खांद्यांवर ठेवून खरं ढकलायचं, आधी निम्म्या जोराने. तू हातांनी अडवायचं नाही. मागचा पाय तिरका टाकून बाजूला निघायचं आणि हात तिच्या कोपरावर चिकटलेला ठेवायचा. तुझी ची साओ इथे कामाला येईल, बघ. दोन वर्षांत तुझ्या हाताला समोरच्याचा जोर कुठे चाललाय हे समजायला लागलं असणारच. ती जाण फुकट नाही, तिला पाय जोडायचे आहेत. मग कमरेचा विळखा, दादासारखा. दोन मिनिटं, थांबा, दम खा, परत दोन मिनिटं. डोक्याला मार नको, मान मुरगाळायची नाही, "बस" म्हटलं की हात सुटला पाहिजे. रोज किती वेळा निघता आलं हे वहीत लिही. आकडा खोटं बोलू देत नाही.

आणि रात्रीच्या रस्त्याचं. मागे कोणी लागलं तर घराकडे वळू नकोस, त्याला घर दाखवू नकोस. उजेडाचा पेट्रोल पंप, उघडं मेडिकल, माणसं असलेली लारी, तिथे गाडी घाल. 181 अभयम् ही महिला हेल्पलाइन आणि 112 दोन्ही नंबर बोटाखाली असू देत. हातांची विद्या त्या दोन-तीन सेकंदांसाठी, सुटून निघण्यापुरती. 78 किलोच्या माणसाशी स्वयंपाकघरात पाच मिनिटं झुंजणं हे तुझं काम नाही, आणि ते जमलं नाही म्हणून रात्रभर जागू नकोस.

फतेगंजची सांदावाली

काकांचं वाचून राहवलं नाही.

मी कॉलेजात असताना चार वर्षं वुशू या चिनी खेळातला सांदा हा लढतीचा प्रकार केला. चिनी विद्येत खरी लढत कुठे शिल्लक आहे असं विचारलं तर माझं उत्तर हेच. ठोसे, लाथा आणि उचलून पाडणं, तिन्ही चालतं. कोणी लाथ मारली की ती काखेत पकडून उभ्या पायाला झाडायचं, याची मजा औरच. मोठ्या स्पर्धा 8 मीटर बाय 8 मीटरच्या उंच चौथऱ्यावर होतात, खाली ढकललं तरी त्याचा हिशेब होतो. मणिपूरच्या रोशिबिना देवीने 2018 च्या आशियाई खेळांत 60 किलो गटात कांस्य मिळवलं आणि पुढच्या हांगझोऊच्या आशियाई खेळांत रौप्य. चीनची झांग वेईली 2019 मध्ये यूएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेची विजेती झाली, ती लहानपणी सांदाच शिकलेली. म्हणजे बॉक्सर भाऊ, चिनी म्हणजे नुसता दिखावा हे मला मान्य नाही. बॉक्सिंगने हात उत्तम होतात, पण कंबर धरली की रेफरी दोघांना वेगळं करतो. ताईचा प्रश्न तर नेमका तिथूनच सुरू होतोय.

ताई, दोन गोष्टी अनुभवाच्या. तोंडातलं गार्ड पहिल्या दिवसापासून घाला, मी आळस केला आणि ओठाला आतून तीन टाके पडले. आणि फक्त मैत्रिणीबरोबर करून थांबू नका. तीन-चार आठवड्यांनी विश्वासातल्या एखाद्या जड मुलाबरोबरही करा. वजन अंगावर आलं की श्वास कसा अडकतो हे आधी एकदा कळून गेलं पाहिजे.

मांजलपूरवाली

काका, मेंढीचं वाचून अंगावर काटा आला. सर अगदी हेच शब्द वापरतात, आणि फ्रिजसमोर मी नेमकी तशीच उभी होते.

एक अडचण आहे. सरांना विचारायचं कसं? ते माणूस म्हणून फार चांगले आहेत. माझे बाबा आजारी होते तेव्हा तीन महिने फी घेतली नाही. "तुमची पद्धत चुकतेय" हे माझ्या तोंडून निघणार नाही.

दांडियाबाजारचा काका

निघूही नये. तू चूक काढायला जात नाहीस, शिकायला जातेस. क्लास सुटल्यावर एकटी थांब आणि एवढंच म्हण, "सर, मला कोणी कमरेत धरलं तर मी काय करू? मी तुम्हाला खरंच धरू का?" मग धर. खरं धर, लाजू नकोस. खरा शिक्षक असेल तर त्याला आनंद होईल, माझ्या टांगऱ्याच्या म्हाताऱ्याला झाला तसा. त्यांनाही कदाचित बऱ्याच वर्षांत कोणी धरलं नसेल.

मांजलपूरवाली

सात आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

सरांना विचारलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "धर." मी धरलं. पहिल्यांदा ते दोन पावलं मागे गेले. दुसऱ्यांदा तिरके झाले आणि मी रिकाम्या जागेत पुढे गेले, कोपर काका म्हणतात तिथेच, मानेजवळच्या खळग्यात. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले की हे त्यांच्या गुरूंकडे रोज व्हायचं, इथे पालक तक्रार करतात म्हणून त्यांनी हळूहळू बंद केलं. आता रविवारी शेवटची चाळीस मिनिटं आम्ही अकरा जण हेच करतो. चुम किउची पावलंही घेतली. दोन मुली सोडून गेल्या, त्याचं सरांना वाईट वाटलं, मलाही.

वही ठेवलीय. पहिल्या आठवड्यात मैत्रिणीच्या विळख्यातून 20 पैकी 3 वेळा निघाले. परवा 20 पैकी 12. क्लासातल्या 74 किलोच्या मुलाबरोबर 20 पैकी 5, आणि श्वासाचं सांदावाल्या ताईंनी लिहिलेलं अगदी खरं, पहिल्या वेळी डोळ्यांपुढे काळोखी आली.

दिवाळीला दादा आला होता. या वेळी मीच त्याला गच्चीवर बोलावलं, खाली गादी घातली. चार वेळा धरलं त्याने. तीन वेळा मी पडले. एकदा तिरकी निघाले, हात त्याच्या कोपरावर राहिला आणि तो एकटाच पुढे जाऊन कठड्याला दोन्ही हात टेकून उभा राहिला. वळून म्हणाला, "परत कर." मग आम्ही अंधार पडेपर्यंत करत होतो, आत्या फराळाला हाका मारून थकली.

काका, एक विचारायचं राहिलं. तो आता कमरेऐवजी एका पायाला येतोय, एकेरी पट. मी मागचा पाय टाकते पण पुढचा त्याच्या हातात राहतोच. काय चुकतंय?

दांडियाबाजारचा काका

पाय तू उशिरा ओढतेस. त्याचं डोकं खाली गेलेलं दिसलं की त्याच क्षणी पुढचा पायही मागे टाक आणि छातीचं सगळं वजन त्याच्या पाठीवर सोड. हात आधी त्याच्या खांद्यावर, मग पाय. उद्या गादीवर पन्नास वेळा, आणि आकडा कळव.